गिरणी कामगारांचा इतिहास: संपाच्या आधी खाते वाचा

मुंबईच्या कामगार चळवळीबद्दल वाचायला बसलेला माणूस बहुधा तीन सालांपासून सुरुवात करतो: १९०८, १९२८ आणि १९८२. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून सहा दिवसांचा बंद, लाल बावट्याचा जवळजवळ सहा महिने चाललेला संप, आणि दत्ता सामंतांचा, आजवर रीतसर मागे न घेतलेला संप. तारखा बरोबर आहेत, पण एवढ्या भांडवलावर गिरणगाव कळत नाही. १९२८ साली दीड लाख माणसे पावसाळाभर घरी का बसली, याचे उत्तर पुढाऱ्यांच्या भाषणांत कमी आणि विणाई खात्याच्या दरयादीत जास्त सापडते. म्हणून नवख्याने क्रम उलटा लावावा: आधी काम, मग पगार, मग कायदा, मग वस्ती, आणि संप सगळ्यांत शेवटी.

कामापासून म्हणजे शब्दशः कापसाच्या गाठीपासून. गाठी फोडून कापूस मिसळणारे मिक्सिंग आणि तो साफ करणारी ब्लो रूम, पुढे तंतू विंचरणारे कार्डिंग, ड्रॉइंग, फ्रेम खाते, आणि तिथून सूत कातणारी रिंग, म्हणजे कामगारांच्या बोलीतले त्रासन. सूत तयार झाले की ते गुंडाळणारे वाइंडिंग किंवा रीलिंग, ताणा लावणारे वार्पिंग, खळ देणारे सायझिंग, ताण्याचा एकेक धागा ओवून घेणारी भरणी, आणि मग विणाई. ही साखळी कागदावर एकदा काढून प्रत्येक कडीखाली तीन गोष्टी लिहा: तिथे कोण काम करीत होते, पगार दिवसावर होता की मालावर, आणि ते खाते बंद पडले तर मागचे-पुढचे किती खोळंबते. या एका कागदाने पुढचे निम्मे वाचन सोपे होते.

‘कोण’ या प्रश्नाकडे घाईने पाहू नये. रीलिंग आणि वाइंडिंगमध्ये बायका होत्या आणि त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. विणाईत मराठा कामगार होते, तसेच मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे मुसलमान विणकर होते. दलित कामगार मोठ्या संख्येने त्रासनमध्ये होते. जास्त कमाईच्या विणाई खात्यात मात्र त्यांना शिरकाव नव्हता. कारण अगदी यांत्रिक होते. धोट्यातली (शटलमधली) कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. सवर्ण विणकर यावर अडून बसले. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि दलितांना विणाई खाते खुले करण्याची मागणी केली. ‘कामगारांची एकजूट’ हे शब्द कुठेही वाचले की ती कोणत्या खात्यातली एकजूट, हे आधी विचारायला हवे ते यासाठी.

याच पातळीवर जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, भेटतो. भरती त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात, माग बिघडला तर दुरुस्तीही बऱ्याचदा त्याच्याच हातात. नोकरी लावल्याबद्दल आणि टिकवल्याबद्दल तो दस्तुरी घेई. त्याला नुसता खलनायक ठरवले की मोठी गोष्ट निसटते: जॉबर हा गावचा, नात्यातला किंवा त्याच चाळीतला माणूस असे. उधारी, खोली, खानावळ यांच्याशी त्याचा संबंध असे, आणि संपात तो कधी कामगारांच्या बाजूने उभा राहिला तर कधी संप फोडायला माणसे आणणाराही तोच. १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालाने भरती त्याच्या हातून काढून घ्यायला सांगितले, १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, आणि १९३५ पासून बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांची, नोंद ठेवण्याची योजना सुरू झाली. जॉबरची सत्ता एका दिवसात गेली नाही. पण तिला उतरण या दशकात लागली.

आता पगार. सर्वांत जास्त चुका इथे होतात.

पहिली चूक नाण्यांची. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. जुन्या तक्त्यात ‘१-८-६’ असे लिहिलेले असते; ते १ रुपया ८ आणे ६ पै, म्हणजे दशांशात १.५३ रुपये. तक्ते तुलनेला घ्यायचे असतील तर आधी सगळे पैमध्ये बदलून घ्यावेत.

दुसरी चूक टक्केवारीची. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईतल्या गिरण्यांत १९१४ चा मूळ पगार आणि त्यावर महागाईची वाढ अशी रचना होती: रोजंदारीवाल्यांना मूळ पगाराच्या ७० टक्के, मालावर काम करणाऱ्यांना ८० टक्के. १९२५ साली मालकांनी जी कपात जाहीर केली, ती काही ठिकाणी २० टक्के म्हणून लिहिलेली दिसते, काही ठिकाणी साडेअकरा टक्के. दोन्ही आकडे एकाच कपातीचे आहेत. २० हा १९१४ च्या १०० वर मोजलेला भाग आहे. तोच हातात येणाऱ्या १७० किंवा १८० वर मोजला की ११ ते १२ टक्के येतो. टक्केवारी दिसली की ‘कशाच्या?’ हा प्रश्न समासात लिहायची सवय लावून घ्यावी. तो संप कपात रद्द होऊन संपला, पण त्यासाठी सरकारला डिसेंबर १९२५ मध्ये कापडावरची अबकारी जकात स्थगित करावी लागली. म्हणजे मालकांना हवी असलेली सवलत कामगारांच्या संपातून मिळाली. ही बाजू बऱ्याच गौरवग्रंथांत सापडत नाही.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, न दिसणारी कपात. विणकराची कमाई कापडाच्या वजनावर, पौंडामागे ठरलेल्या दराने होई. समजा एका मागावर दिवसाला जाड कापड २० पौंड निघते आणि तलम कापड १२ पौंड. दर तोच राहिला तर गिरणीने जाडाऐवजी तलम माल काढायला घेतल्याबरोबर विणकराची कमाई ४० टक्क्यांनी उतरते, आणि दरयादीवर खाडाखोडही दिसत नाही. प्रत्यक्षात सुताचा नंबर (बारीकपणा), कापडाची रुंदी यांप्रमाणे दर बदलत आणि प्रत्येक गिरणीची यादी निराळी असे. म्हणून तर सगळ्या गिरण्यांना एकच दरयादी, ही मागणी इतकी वर्षे गाजत राहिली. १९२८ च्या सतरा मागण्या वाचताना हे माहीत नसेल तर त्या रुक्ष यादीसारख्या वाटतात. दुसरीकडे ससून गटाच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमता’ म्हणून त्रासनवाल्याला यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू आणि विणकराला दोनऐवजी तीन माग द्यायला सुरुवात झाली होती. साधा हिशेब आहे: एकाच्या दोन बाजू झाल्या की त्या कामावरची निम्मी माणसे जादा ठरतात. राहिलेल्याचा पगार थोडा वाढतो, गेलेल्याचा पूर्ण जातो. दोघेही एकाच खोलीत राहत असतील, तर संप का झाला ते वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय दंड. खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली, आणि पगार कधी द्यायचा तेही ठरवले: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, नाहीतर दहाव्या. त्याआधी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर किंवा त्याहून उशिरा होई. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी जो अर्ज गेला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि जखमी कामगाराला भरपाई यांच्या जोडीला पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, हीही मागणी होती. वाण्याच्या उधारीचे व्याज किती दिवस चढायचे, हे त्या तारखेवर अवलंबून होते.

महागाईचा निर्देशांक वापरायचा असेल तर पायाभूत वर्ष तपासा. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसची जुनी मालिका जुलै १९१४ बरोबर १०० धरते, नंतरची जुलै १९३३ ते जून १९३४ बरोबर १००. दोन मालिका एकाच आलेखावर जोडल्या की स्वस्ताई आल्याचा भास होतो. हे आकडे १९२१ पासून निघणाऱ्या ‘लेबर गॅझेट’मध्ये महिन्याच्या महिन्याला मिळतात. मुंबईच्या अभ्यासकाने आधी हाती घ्यावे असे नियतकालिक हेच, कंटाळवाणे असले तरी.

कायदे वाचताना एकच युक्ती पुरते: कोणाला लागू, कोणाला नाही. १८८१ चा कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या यंत्रशक्तीवरच्या कारखान्यांना लागू होता आणि मुलांपुरताच होता: सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. १८९१ मध्ये बायकांना अकरा तासांची मर्यादा आली आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. ती सुट्टी मुंबईत मालकांच्या संघाने १० जून १८९० रोजीच मान्य केली होती, हे क्रमाने लक्षात ठेवावे. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र १९११ पर्यंत काहीच मर्यादा नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर दिवस मावळण्याचीही अडचण उरली नाही, आणि पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. १९११ ला कापड गिरण्यांत बारा तास, १९२२ ला दिवसाचे अकरा आणि आठवड्याचे साठ, १९३४ ला दहा आणि चोपन्न, १९४६ ला नऊ आणि अठ्ठेचाळीस. आठ तासांची घोषणा ज्या साली झाली, त्या साली कामगाराला आठ तास मिळाले असे धरू नका.

मुंबई इलाख्याचा १९२९ चा प्रसूती कायदा याच युक्तीने वाचा. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. पैसे द्यायचे मालकाने, तेही ठरावीक काळ त्याच गिरणीत काम केलेल्या बाईला. खर्च थेट मालकावर टाकला की बाई कामावर ठेवणे महाग होते. ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली रीलिंग-वाइंडिंगमधली माणसे कमी होत असताना कुणाला आधी काढले गेले, ते कायद्याच्या तारखेशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

दोन कायदे पाठच असावेत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सात माणसांना युनियन नोंदवता येऊ लागली. गिरणी कामगार युनियन मे १९२८ मध्ये, ऐन संपात, नोंदली गेली ती याच कायद्याखाली. त्याआधीच्या संघटना, अगदी लोखंड्यांची मिल हँड्स असोसिएशनसुद्धा, वर्गणी, सभासद-यादी, घटना असलेल्या युनियन नव्हत्या. त्यांना ‘भारतातली पहिली ट्रेड युनियन’ म्हणणे ठीक, पण मग तीत काय नव्हते तेही सांगावे. दुसरा, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली आणि वाटाघाटीचा हक्क तिलाच दिला. मुंबईच्या कापडधंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगार दुसऱ्याच युनियनच्या मागे असले तरी मालकांशी करार हीच करणार. १९५० चा बोनसचा संप समाजवाद्यांनी केला, १९७४ चा बेचाळीस दिवसांचा कम्युनिस्ट पुढारी डांग्यांनी, आणि १८ जानेवारी १९८२ चा सामंतांनी. तिन्ही वेळा हा कायदा आडवा होता. १९८२ च्या मागण्यांत हा कायदा रद्द करण्याची मागणी पगारवाढीच्या बरोबरीने का होती, आणि सरकारने पगारावर बोलणे शक्य असूनही तिथे दार का लावून घेतले, हे १९४६ वाचल्याशिवाय समजत नाही. नुसते ‘सामंतांचा हट्ट’ लिहून मोकळे होणारे लेख बाजूला ठेवावेत.

वस्तीबद्दल थोडक्यात, कारण यावर वाचायला पुष्कळ आहे. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या २०७ इमारती, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे, १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या; खोली १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारे पुरुष, खानावळवाल्या बाईकडे महिन्याचे खाते, गावकरी मंडळाचा गाळा, आणि कोकणात किंवा घाटावर शेतीचा तुकडा. लांबलेला संप या गावाच्या धाग्यावर तगतो: उधारी थांबली की माणूस गावी जातो. त्यामुळे गावी गेलेल्यांना ‘संपातून बाहेर पडलेले’ म्हणून मोजू नये. आणि एप्रिल-मेमध्ये लग्नसराई नि गावच्या ओढीने हजेरी एरवीही कमी असे. त्या महिन्यांतली गैरहजेरी सगळी संपाच्या खात्यावर टाकू नये.

संपाचे आकडे तीन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत: पटावरचे कामगार, रोजची सरासरी हजेरी, आणि बुडालेले मनुष्यदिवस. बदली कामगार पहिल्या दोन्हींत अर्धेमुर्धे दिसतात. १९२८ चे सरकारी आकडे घ्या: देशभरात २०३ तंटे, ५,०६,८५१ कामगार, ३,१६,४७,४०४ दिवस बुडाले. भागाकार केला तर दरडोई ६२ दिवस येतात, पण या सरासरीला अर्थ नाही. मुंबईतले दीड लाख कामगार एप्रिलच्या अखेरीपासून ६ ऑक्टोबरपर्यंत, रविवार सोडून अंदाजे १४० दिवस बाहेर होते. म्हणजे दोन कोटींहून जास्त दिवस एकट्या या संपाचे. तो वजा केला की बाकीचे दोनशे तंटे एकदम लहान होतात.

साधनांकडे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फायली आहेत. दिल्लीत जुन्या नेहरू स्मारक ग्रंथालयात (आता पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय) कामगार पुढारी ना. म. जोशी यांची कागदपत्रे आहेत, नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने कामगारविषयक दस्तऐवजांचे डिजिटल संग्रहालय केले आहे. गिरणी मालक संघाचे वार्षिक अहवाल गिरणीवार चात्या (स्पिंडल), माग आणि माणसे देतात; चळवळीच्या अभ्यासकांनी ते मालकांचे म्हणून टाळू नयेत. मागांची संख्या वाढली आणि माणसांची नाही, हे त्यांच्याच तक्त्यात दिसते.

पोलिसांच्या फायली सावधपणे वाचाव्यात. सभांतली मराठी भाषणे टिपून इंग्रजीत उतरवली जात, आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत खटल्यात अशी उताऱ्यांची चळत पुरावा म्हणून आली. तो इंग्रजी उतारा पुन्हा मराठीत आणून अवतरणचिन्हांत घालू नका. ते वाक्य वक्त्याचे राहत नाही. आशय द्या, पोलिसी टिपणावरून म्हणून सांगा. वर्तमानपत्रांचा पक्षही पाहून ठेवावा: ‘दीनबंधु’ सत्यशोधकांचे, ‘क्रांती’ कामकरी-शेतकरी पक्षाचे, ‘जनता’ आंबेडकरांचे. ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून केला. तो दोन्ही बाजूंच्या पत्रांत वाचला की कोणाचे किती श्रेय, यावर लगेच मत बनवावेसे वाटत नाही.

नावांचा घोळ आधीच सोडवून घ्या. डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, एल्फिन्स्टन रोड स्टेशन आता प्रभादेवी. ई. डी. ससून यांच्या गिरण्या हात बदलून इंडिया युनायटेड झाल्या आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. दादरची इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेडची सहा क्रमांकाची. एकाच गिरणीच्या तीन नावांना तीन गिरण्या समजून मोजणारे तक्ते छापून आलेले आहेत. गिरणीमागे एक ओळ, तीत सगळी नावे, सालवार मालक आणि रस्त्याचे जुने-नवे नाव, असा तक्ता स्वतः करावा.

जुन्या कामगारांशी बोलताना ‘संपात काय झाले?’ हा प्रश्न पहिला विचारला की पाठ झालेले उत्तर मिळते. खाते कोणते, तिकीट नंबर काय, कायम की बदली, पाळी कोणती, कामाला लावले कोणी, इथून सुरू करावे. ‘पगार किती?’ याऐवजी हातात किती यायचे, खानावळीला किती, गावी मनीऑर्डर किती, असे तुकडे विचारावेत. शेवटच्या दोहोंची बेरीज हातातल्या रकमेपेक्षा जास्त आली तर फरक उधारीचा आहे, तिकडे वळावे. १९७४ आणि १९८२ आठवणीत सहज मिसळतात. साल न विचारता ‘तेव्हा युनियन कोणती, गिरणी पुन्हा सुरू झाली का?’ असे विचारले की ते सुटे होतात. घरातल्या बाईला वेगळे बसून विचारावे. संपाच्या महिन्यांत घर कशावर चालले, हे बहुतेक वेळा तिलाच माहीत असते, आणि नवरा समोर असेल तर ती ते सांगत नाही.

कागद मागायचे तर ‘जुनी कागदपत्रे आहेत का?’ असे मोघम विचारू नये, गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीला जोडलेली फाइल मागावी. गिरणीत नोकरी होती हे सिद्ध करण्यासाठी लोकांनी ओळखपत्र, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, रजेचे पुस्तक असे सगळे त्या एका पिशवीत जमवून ठेवलेले असते. मूळ कागद घरी नेऊ नका, तिथेच फोटो काढा. दोन्ही बाजूंचे काढा, कारण बदलीचे शिक्के आणि हातातल्या रकमेचे हिशेब बहुधा मागच्या बाजूला असतात. तिकीट नंबर आणि पत्ता झाकल्याशिवाय कुठेही टाकू नका. अनेकांचे घरांचे दावे अजून निकालात निघालेले नाहीत.